मेणाचं काजळ

चाकणच्या शनिवारच्या बाजारात मीरासाहेबाचं दुकान म्हणजे एक सतरंजी आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत अत्तराच्या कुप्या, सुरम्याच्या पुड्या आणि काजळाच्या करंगळीएवढ्या डब्या. विकायचं काम त्याचं. करायचं काम त्याच्या बायकोचं, खैरुन्निसाचं. बाजारात ती कधी बसली नाही, पण कुरुळीपासून आळंदीपर्यंत ज्या बायका डोळ्यांत काजळ घालत त्यांना तिचा हात ठाऊक होता. तिचं काजळ झोंबायचं नाही आणि दुपार कलली तरी गालावर उतरायचं नाही. कसं करतेस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "एरंडेल, तूप आन् सबुरी." सबुरी खरी होती. बाकीच्या दोन गोष्टी रोजच्या काजळापुरत्याच खऱ्या होत्या. उरलेलं तिची सासू रहिमाबी तिच्या कानात सांगून गेली होती, आणि कुणाला सांगायचं नाही, हेही सांगून गेली होती.

माघ सरता सरता एका दुपारी कुरुळीच्या आक्काबाई तिच्या दारात आल्या. बरोबर त्यांची भाची होती, शालन. भाऊ हिंदुराव शेती बघायचा. त्याची बायको वारली तेव्हापासून आक्काबाईंनीच पोरीला वाढवलं होतं. शालन दाराशी उभी राहिली ती पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"खैरून, हिचा डोळा बघ," आक्काबाई म्हणाल्या.

खैरुन्निसानं शालनची हनुवटी दोन बोटांनी उचलली. उजव्या पापणीचे केस काळे, दाट, टोकाला जरा वळलेले. डाव्या पापणीचे केसही तेवढेच दाट, तसेच वळलेले, पण पांढरे. सावरीच्या बोंडातून नुकता कापूस डोकावावा तसे. भुवई काळी, खालच्या कडेचे केस काळे, फक्त वरची तेवढी ओळ पांढरी.

"दोन ठिकानं परत गेली," आक्काबाई सांगू लागल्या. "मोशीची मानसं म्हनली, कोड हाय. चऱ्होलीवाल्यांनी तर चहाबी घेतला न्हाई. आता फुडल्या बेस्तरवारी तळवड्याचे येनार हायत. सोपानरावांचा यशवंत. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलाय पोरगा, सायकलवर जातो-येतो. ठिकान चांगलं हाय. तू एवढं काळं कर. बघनाऱ्याला कळू नये असं."

"काजळ कडेला लागतं, आक्का. केसाला लावलं की उतरतं."

"मग तुजा हात हात म्हनत्यात ते काय, भाकरी खायचा?"

खैरुन्निसा हसली. मग तिनं शालनला विचारलं, "तुजं काय म्हननं?"

"मला मान वर करून बसायचंय, चाची," ती म्हणाली. "लोकांत. बाकी काय न्हाई."

खैरुन्निसानं दोघींना चहा करून दिला आणि शालनला दुसऱ्या दिवशीपासून दुपारी पाठवा म्हणून सांगितलं.

काजळ धरायचं म्हणजे वारा नको. घराच्या मागच्या कोनाड्यात तिची पणती होती. पणतीच्या दोन बाजूंना दोन विटा, विटांवर तांब्याची ताटली पालथी. नव्या कापसाची वात, एरंडेल तेल, आणि ज्योत अशी बेताची की ताटलीला फक्त तिचा श्वास लागावा. तासाभरात ताटलीवर मखमलीसारखा काळा थर बसायचा. तो ती कोंबडीच्या पिसानं खाली उतरवायची. शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप घालून घोटलं की झालं डोळ्यातलं काजळ. पण हे काजळ शालनच्या पापणीला पहिल्या दिवशी लावलं, तर चार केस मिळून एक झाले आणि घटकाभरात डोळ्याखाली काळा डाग उतरला.

दुसऱ्या दिवशी तिनं तूप सोडून दिलं आणि बाभळीचा डिंक भिजवून त्यात काजळी खलली. डिंक सुंदर बसला. सुकला की केस मोकळे, काळे, हात लावला तरी बोटाला काही नाही. दोघींना वाटलं, जमलं. मग मीरासाहेब बाहेरून आला आणि शालनकडे बघून म्हणाला, "पोरी, आता तू नवरीसारखी दिसाय लागलीस." एवढं ऐकून शालनच्या डोळ्याला पाणी आलं, आणि पाण्यासरशी डिंक विरघळून गालावर ओढा वाहिला.

"बघनाऱ्यांफुडं रडशील का?" खैरुन्निसानं विचारलं.

"मागच्या दोन्ही वक्ताला रडले हुते."

म्हणजे डिंक गेला. राहिलं मेण. रहिमाबी मेणाचं काजळ करायची, पण ते निकाहाच्या दिवसापुरतं. निरोपाच्या वेळी नवरी रडणारच, म्हणून तिच्या डब्यात मधमाशीचं मेण असायचं, चिमूटभर. पाणी वरून निघून जातं, काजळ जागचं हलत नाही. हेच ते कानात सांगितलेलं. खैरुन्निसानं मेण कढवलं, एरंडेलाचे दोन थेंब टाकले, काजळी घातली आणि निवेपर्यंत घोटत राहिली.

हत्याराचंही एक होतं. सुरम्याची सळई केसाला काही कामाची नव्हती. गुळगुळीत, नुसती सरकायची. कुंचला हवा होता, पण मऊ नको आणि टोचणारा नको. मीरासाहेबानं चाकणच्या नाक्यावरच्या टांगेवाल्याकडून घोडीच्या शेपटीचे केस आणले. ते तिनं बारीक कापले आणि बांबूच्या काडीला दोऱ्यानं आवळले.

"टांगेवाला मला इचारतो," मीरासाहेब म्हणाला, "मिया, बायको घोडीला येनी घालनार हाय, का स्वतःला?"

"तुमी काय सांगितलं?"

"म्हनलं, दोघींपैकी जी ऐकंल तिला."

मेण बसलं, पाण्यानं हललं नाही. पण अंगणात उन्हात नेऊन बघितलं तेव्हा खैरुन्निसाला बरं वाटलं नाही. काय खटकतंय तिला कळेना. मीरासाहेब पेटीचं कुलूप लावत होता, तो नुसता मान वर करून म्हणाला, "दोन डोळे दोन घरचे दिसतात."

तेच होतं. माणसाचा केस निखळ काळा नसतोच. उन्हात त्याच्यात जरा विटकरी उजेड फिरतो. शालनची उजवी पापणी केसाची होती आणि डावी शाईची. आता एक तर उजवीलाही तोच रंग द्यायचा, नाही तर डावीचा रंग उतरवायचा. उजवीला लावून बघितलं तर पोरगी नाटकात बाई होऊन उभ्या राहणाऱ्या पुरुषासारखी दिसू लागली. आक्काबाईंनी बघितलं असतं तर तिथंच तोंड धुवायला लावलं असतं. मग खैरुन्निसानं बदामाची टरफलं जाळली, त्यांची राख नव्हे, अर्धवट जळलेला कोळसा घेतला, वस्त्रगाळ केला आणि काजळीत मिसळला. कोळसा किती, काजळी किती, हे ठरवायला तिला दोन दुपारी लागल्या. प्रत्येक वेळी शालनला उन्हात उभं करायचं, मग सावलीत, मग घराच्या अंधारात. तिन्ही ठिकाणी दोन डोळे एका घरचे दिसले तेव्हा तिनं डबीला झाकण लावलं.

लावायचं कसं, तेही तिनं शिकवलं. आरसा तोंडासमोर धरायचा नाही, हनुवटीखाली धरायचा. म्हणजे डोळा उघडा राहतो आणि पापणी मात्र खाली येते. कुंचला डबीत फिरवला की आधी फडक्याला पुसायचा. जे पुसल्यावर उरतं तेवढंच लावायचं. सुरुवात मुळाशी. मुळाशी कुंचला जरा थांबवायचा, इकडेतिकडे किंचित हलवायचा, मग टोकाकडे न्यायचा. डोळ्याच्या आत काही जाता कामा नये. पहिला हात पातळ, एवढा की लावला का नाही अशी शंका यावी. तो सुकू द्यायचा. मग दुसरा. मग कोरड्या कुंचल्यानं विंचरून केस वेगळे करायचे.

"आन् तिसरा हात?" शालननं विचारलं.

"तिसरा हात लोभाचा. त्यानंच सगळं बिघडतं."

पहिला हात सुकेपर्यंत डोळा मिटून बसावं लागायचं. तेवढ्या वेळात शालन गुणगुणायची. जात्यावरची चाल होती, शब्द तिचे स्वतःचे.

काळ्या पापनीची बाई
सावली गालावरी,
पांढऱ्या पापनीला
ऊन थांबलं दारी.

"कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाई. दळताना असंच येतं."

आणखी एकदा डोळा मिटून बसली असताना ती म्हणाली, "चाची, लग्न झाल्यावर हे रोज लावायचं का?"

खैरुन्निसा कुंचला पुसत होती. तिच्या डोळ्यासमोर तळवड्याचं घर आलं, न बघितलेलं. आरसा कुठं असेल, सगळ्यात आधी कोण उठत असेल, दारं किती असतील. ती काही बोलायच्या आत आक्काबाई बोलल्या; त्या दिवशी त्या पोरीला न्यायला आल्या होत्या. "लग्न झाल्यावर कोन बगतंय? एकदा अक्षता पडल्या की पांढरं काय आन् काळं काय."

शालन डोळा मिटून तशीच बसली. गुणगुणली मात्र नाही.

गुरुवारी सकाळी खैरुन्निसा पहिल्या यस्टीनं कुरुळीला गेली. तिनं शालनचे डोळे ओसरीच्या उजेडात बसून केले, दोन हात, विंचरून. मग काही कमीजास्त लागलं तर असावं म्हणून ती मागच्या दारी, उंबऱ्याच्या बाहेर, गोणपाटावर बसून राहिली. हिंदुरावाच्या घरात तिला मान होता. चहा मिळायचा, विचारपूस व्हायची. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे मात्र न बोलता ठरलेलं होतं, आणि त्याचं तिलाही काही वाटेनासं झालं होतं. चूल तिथून चार हातांवर दिसायची.

तळवड्याची माणसं ऊन तापायच्या आत आली. पुरुषमाणसं ओसरीवर बसली. यशवंताची आई रुक्मिणीबाई आत आली. ठेंगणी, रुंद बांध्याची, कमी बोलणारी बाई. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची आणि बोलणं संपलं तरी बघत राहायची. शालननं पोहे दिले, चहा दिला. नाव सांगितलं, आजोळ सांगितलं. मान वर होती. रुक्मिणीबाईनं तिला खिडकीच्या उजेडात बसवून घेतलं, हात बघितले, केस बघितले, तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे बघितलं आणि नजर पुढं गेली. बाहेर गोणपाटावर खैरुन्निसानं चहाचा कप उचलला.

"पोहे चांगले झालेत," रुक्मिणीबाई म्हणाली. "पन पोहे कुनालाबी येत्यात. दोन भाकरी थापू दे पोरीला. आमच्यात नोकरी आली तरी भाकरी सुटली न्हाई अजून."

"थापंल की," आक्काबाई खुशीत म्हणाल्या. "भाकरीत तिचा हात धरनारं कुरुळीत न्हाई कुनी."

खैरुन्निसाच्या हातातला कप तसाच राहिला. निकाहातली नवरी रडते, म्हणून तिनं मेण घेतलं होतं. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी चुलीपुढं बसते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आक्काबाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, त्यांना ठाऊकच होतं. पण विचारायचं म्हणजे मेणाचं सांगावं लागलं असतं.

"आक्का," तिनं बाहेरूनच हाक घातली, "पोरीला सकाळधरनं धूर सोसंना झालाय. आज ऱ्हाऊ द्या."

आक्काबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. "धूर सोसंना? माजी पोर धुरातच वाढलीय. ती आपली उगं काळजी करती हो," त्या रुक्मिणीबाईला म्हणाल्या, "बांगड्या भरून द्यायला आलीया."

शालननं एकदाच मागच्या दाराकडे बघितलं. खैरुन्निसानं मान हलवली, नको. पण नको म्हणजे काय, करायचं काय, ते मानेनं सांगता येण्यासारखं नव्हतं. चूल पेटली.

जाळ लागला तसं आधी मेण चमकलं. शालननं पीठ मळलं, परातीत भाकरी थापली. फुंकणीनं जाळ फुलवायला ती वाकली तेव्हा डाव्या पापणीचे केस एकमेकांना चिकटले. भाकरी तव्यावर पडली. एक काळा बारीक धागा गालावरून खाली निघाला. तो शालनला कळला असणार, कारण तिची पाठ ताठ झाली. दोन्ही हात पिठात होते. तिनं भाकरीला पाणी फिरवलं. मोजून थांबली, उलथली. परत थांबली. मग तवा उतरवून भाकरी निखाऱ्यापुढं उभी केली. भाकरी टम्म फुगली. ती तिनं टोपल्यात ठेवली, आणि मग मनगटाच्या पाठीनं डोळा पुसला.

पुसल्यावर डावी पापणी अर्धी काळी, अर्धी पांढरी राहिली.

रुक्मिणीबाई पाटावरून उठली. फडताळातली तेलाची बुधली घेतली, पदराच्या टोकाला दोन थेंब लावले आणि शालनपुढं बसून तिची पापणी हलक्या हातानं पुसून काढली. काजळी तेलानंच निघते, हे तिला ठाऊक होतं. सगळे केस पांढरे झाल्यावर ती म्हणाली, "जल्मापासून?"

"न्हाई. पाचव्या वर्षी डोळे आले हुते. बरे झाल्यावर अशा उगवल्या."

"मग हे काळं कशापायी?"

आक्काबाई बोलायला लागल्या, पण रुक्मिणीबाईनं नुसता हात वर केला.

"तुमाला दिसू ने म्हनून," शालन म्हणाली.

"मंजे फसवायला."

चुलीत एक काटकी तडतडली. शालननं मान खाली घातली, आणि परत वर केली. "व्हय," ती म्हणाली.

रुक्मिणीबाईनं टोपल्यातल्या भाकरीचा एक तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्याली. बाहेर जाऊन नवऱ्याच्या कानात काही बोलली. सोपानराव उठले, उपरणं झटकलं. "घरी बोलून कळवतो," ते हिंदुरावाला म्हणाले. मोशीवाल्यांनीही असंच म्हटलं होतं.

बैलगाडी वळणाआड गेल्यावर आक्काबाई मागच्या दारी आल्या.

"मेन," त्या म्हणाल्या. खाली ओघळून वाळलेला थेंब त्यांनी नखानं खरवडून बघितला होता. "चुलीफुडं मेन?"

"चुलीचं तुमी बोलला न्हाईत, आक्का."

"मेनाचं तू बोलली न्हाईस."

आत शालन दुसरी भाकरी थापत होती. पीठ मळलेलं होतं, वाया कशाला घालवायचं.

त्यानंतर खैरुन्निसानं काजळ धरलं नाही. पणती कोनाड्यात कोरडी राहिली. मीरासाहेबानं दोन शनिवार उरलेल्या डब्यांवर काढले. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "गिऱ्हाईक इचारतंय."

"सांगा, हात दुखतोय."

"हात दुखतोय का?"

ती तांदूळ निवडत राहिली. "माज्या हातानं त्या पोरीचं मोडलं. नुसतं मोडलं असतं तर मोडलं असतं. फसवनारी म्हनून नाव झालं तिचं."

त्या आठवड्याच्या शनिवारी, बाजार भरात असताना, तो दुकान शेजारच्या बागवानावर सोपवून घरी आला. मागं रुक्मिणीबाई होती, हातात मिरच्यांची पिशवी.

"ह्या बाईंनी इचारलं, त्या दिवशी मागच्या दारी बसलेली बाई कुठं ऱ्हाती," तो म्हणाला, आणि लगेच परत गेला.

खैरुन्निसानं घोंगडी अंथरली. रुक्मिणीबाई बसली, पाणी नको म्हणाली, मग घेतलं.

"बांगड्या भरायला आली नव्हतीस तू."

"न्हाई."

"हातभर अंतरावर बसले हुते मी. मला कळलं न्हाई." तिच्या बोलण्यात राग होता का कौतुक, ते खैरुन्निसाला उमजेना. "किती दिस करत हुतीस?"

"सहा दिस. रोज दुपारी."

"मंजे तो डोळा तू माज्यापेक्षा जास्ती बगितलाय. मला एक सांग. कोड हाय का ते?"

"मी वैद न्हाई, बाई."

"वैदाला इचारायचं आसतं तर वैदाकडं गेले असते. पोरीच्या घरच्यांना इचारलं तर ते न्हाईच म्हननार. तू तिची कोन न्हाईस, माजी कोन न्हाईस. म्हनून तुला इचारती."

खैरुन्निसानं आपली बोटं बघितली. सहा दिवस त्याच बोटांनी ती पापणी धरली होती, ताणली होती, पुसली होती. "तिची कातडी मी रोज उन्हात बगितली," ती सावकाश म्हणाली. "रंग जुळवायचा हुता ना, म्हनून नीट बगितली. कातडी सगळीकडं सारखी हाय. पांढरं हाय ते नुसतं केसाला. कडेचा एकबी नवा केस पांढरा होताना दिसला न्हाई. एवढंच मी बगितलंय, एवढंच सांगती. फुडचं मला ठाव न्हाई."

रुक्मिणीबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, तिच्या सवयीनं.

"आन् लावायला कोन आलं? ती का तिची आत्या?"

"आत्या घेऊन आली. पोरगी आली." मग तिला वाटलं, अर्धं सांगून होणार नाही, अर्धं सांगण्यानंच इथवर आलं होतं. "पोरीनं मला इचारलं हुतं, लग्नानंतर रोज लावायचं का. मी उत्तर दिलं न्हाई. आन् त्यात मेन घातलं ते मी. मेन घातलंय हे मी कुनाला सांगितलं न्हाई. आमच्यात सांगत न्हाईत. ते घातलं नसतं तर तुमाला त्या दिवशी कळलंच नसतं."

"बरं केलंस घातलंस," रुक्मिणीबाई म्हणाली. तिनं मिरच्यांची पिशवी जवळ ओढली, पण उठली नाही. "डोळ्यातनं काळं गळत हुतं पोरीच्या. मी बगत हुते. म्हनलं, आता उठंल, पळंल, रडंल. भाकरी जळंल. तिनं भाकरी जळू दिली न्हाई. आन् मी इचारलं फसवायला का, तर व्हय म्हनाली. माज्या घरात चार मानसं हायत, बाई. कुनी दूध सांडलं म्हनून इचारलं तर मांजर म्हनत्यात."

खैरुन्निसाला हसू आलं. रुक्मिणीबाईलाही आलं, पण ते तिनं लवकर आवरलं.

"यशवंताला मी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तो म्हनतो, कारखान्यात आमाला बाटल्या उजेडाफुडं धरून तपासाय लावत्यात, माजी आई मानसं तशी तपासती. मला म्हनला, तुजा होकार तो माजा. मी आज कुरुळीला जानार हाय. पन माजी एक अट हाय, ती तुला सांगाय आले. लग्नाच्या दिवशी तिचे डोळे तूच करायचे. आन् पांढऱ्याला काळं लावायचं न्हाई. मांडवात आमची सगळी भावकी बगंल. आदी बगू दे. मागनं कुनी म्हनाय नको, रुक्मिणीला फसवलं."

लग्न वैशाखात होतं. खैरुन्निसानं पणती परत लावली ती चैत्रात, आणि पहिली ताटली शालनची म्हणून वेगळी ठेवली.

सोपं वाटलं होतं, पण नव्हतं. काळं लावायचं नाही, एवढं म्हणून भागत नाही. लग्नाच्या सकाळी कुरुळीच्या ओसरीवर तिनं शालनला समोर बसवलं आणि नुसतं बघत बसली. हळदीनं तोंड पिवळं धमक झालं होतं. त्या पिवळ्यात डावा डोळा फिका पडला होता, जागचा निघून गेल्यासारखा, आणि उजवा एकटाच बोलत होता. उजव्याला आवरायचं आणि डाव्याला बोलतं करायचं, रंग न लावता.

तिनं उजव्या पापणीच्या केसांना काही लावलंच नाही. आत नुसती केसाएवढी रेघ ओढली. डाव्या डोळ्याला मात्र तिनं निखळ काजळी घेतली, बदाम न घातलेली, साधं तूप घालून घोटलेली. पापणीच्या मुळाशी, केस जिथून निघतात तिथं, एक रेघ दिली. आत बारीक, बाहेरच्या कोपऱ्याकडे जराशी रुंद. काळ्या बांधावर पांढरं पीक उभं राहावं तसे ते केस उठून दिसू लागले. मग गुलाबपाण्यात भिजवलेल्या फडक्यानं तिनं त्यांच्यावरची हळदीची भुकटी टिपली, आणि नव्या, कोरड्या कुंचल्याला तुपाचा नुसता वास लागेल एवढं तूप लावून ते मुळापासून टोकापर्यंत विंचरले. एकेक केस वेगळा झाला. उन्हात ते पांढरेही दिसेनात. रुप्याचे दिसायला लागले.

आक्काबाई बाजूला उभ्या होत्या. "थोडंसं तरी काळं," त्या पुटपुटल्या. "टोकाला."

"आक्का, ऱ्हाऊ दे," शालन म्हणाली.

मांडवात तळवड्याच्या बायका आल्या आणि नवरीभोवती गर्दी झाली. त्यात सोपानरावांची एक म्हातारी चुलती होती, कानानं अधू, म्हणून मोठ्यानं बोलणारी. ती शालनपुढं वाकली, डोळे बारीक करून बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरी, डोळ्याला काय झालंय तुज्या?"

आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. रुक्मिणीबाई दोन पावलांवर होती. ती हलली नाही. खैरुन्निसा मांडवाच्या कडेला, खांबापाशी उभी होती.

शालननं म्हातारीकडे बघितलं. म्हातारीला ऐकू जावं म्हणून तीही मोठ्यानं बोलली. "काय झालं न्हाई, आजी. पापन्या पांढऱ्या हायत. पाचव्या वर्षापासून."

"दिसतं का त्यातनं?"

"तुमच्यापेक्षा बरं दिसतं."

बायका हसल्या. म्हातारीला निम्मं ऐकू गेलं असावं, पण तीही हसली, आणि शालनच्या कपाळावरची मुंडावळी सरळ करून मागं सरली, कारण तिच्या मागं आणखी चौघीजणी बघायला उभ्या होत्या. शालन मान वर करून बसली होती. एकेक बाई पुढं यायची, वाकायची, बघायची, आणि ती त्यांच्याकडे बघायची.

खैरुन्निसानं कुंचला फडक्यात गुंडाळला. बाराची यस्टी चुकली तर पुढची चारला होती. तिनं अक्षता पडताना बघून चारचीच धरायचं ठरवलं.